नाव पुरुषाचे, सोसणे बाईचे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर अवघ्या एका मात्रेचे आहे. पहिले काम आत्याबाई बाराव्या दिवशी करतात. दुसरे काम शेजारीपाजारी बारमाही करीत असतात. वैद्यकशास्त्र खरे म्हणजे या भानगडीपासून दूर असायचे. पण तेथेही कधी कधी घाईघाईने एखादे नाव ठेवले जाते, आणि त्या नावापायी कुणाला तरी जन्मभर नावे ऐकून घ्यावी लागतात. अशाच दोन नावांची ही हकीकत आहे. एक 'पुरुषी हार्मोन' आणि दुसरे 'मधुमेहाची गोळी'. दोन्ही नावे खोटी नाहीत. पण दोन्ही अर्धीच खरी आहेत. घरातली सून नुकतीच गरोदर असताना असे अर्धे खरे नाव त्या घरात शिरले, म्हणजे ते काय गोंधळ घालते हे पुष्कळांनी पाहिले असेल.

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली होती. लग्नाला तीन वर्षे झालेली. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायची, हनुवटीवर राठ केस यायचे. म्हणून डॉक्टरांनी तपासण्या करून मेटफॉर्मिन नावाची गोळी सुरू केली होती. काही महिन्यांत दिवस राहिले. घरात आनंदीआनंद झाला. पण एके दिवशी गोळ्यांची पट्टी सासूबाईंच्या हाती लागली. "अगं, ही तर भावोजींची शुगरची गोळी! तुला मधुमेह आहे हे लग्नात का नाही सांगितलंत?" "अहो आई, मधुमेह नाही मला. अंगात पुरुषी हार्मोन जास्त आहे, म्हणून दिलीय," असे तिने समजावले. झाले! आगीतून उठून ती फुफाट्यात पडली. भीतीने तिने गोळी बंद केली. पुढे आठव्या आठवड्यात गर्भ गेला. मग घरात चर्चा एकच: गोळी घेतली म्हणून गेला, गोळी सोडली म्हणून गेला, की तिच्यातल्या 'पुरुषीपणा'ने गेला? तिघांतला आरोपी कोण हे ठरत नव्हते. शिक्षा कुणाला व्हायची हे मात्र आधीच ठरलेले होते.

"बाई, खरं काय हो?" असे तिने मला विचारले. मी मराठी शिकवते, वैद्यक नव्हे. परंतु शब्दांचे अर्थ शोधणे हा आमचा धंदा आहे, आणि या प्रकरणात अर्ध्याहून अधिक घोटाळा शब्दांचाच निघाला. जे वाचून आणि जाणकार डॉक्टरांना विचारून समजले, ते येथे सांगते.

दुधावाचून दही नाही

ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ते म्हणजे अँड्रोजेन या कुळातली संप्रेरके. टेस्टोस्टेरॉन हा त्या कुळातला मोठा भाऊ. हे संप्रेरक पुरुषाच्या अंगात पुष्कळ असते. दाढीमिशा, भरदार आवाज ही त्याची करामत. म्हणून ते 'पुरुषी' ठरले. पण प्रत्येक निरोगी स्त्रीच्या अंगातही ते असते. तिचे बीजकोश आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ते रोज तयार करीत असतात. प्रमाण मात्र पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

मौज अशी की, ज्याला आपण स्त्रीत्वाचे संप्रेरक म्हणून मिरवतो ते इस्ट्रोजेन बीजकोशात या अँड्रोजेनपासूनच बनते. ज्या घरात रोज दही लावायचे त्या घरात दूध येणारच. तसेच हे आहे. तेव्हा स्त्रीच्या अंगात अँड्रोजेन सापडले म्हणून ती 'पुरुषी' ठरत नाही. प्रश्न असतो तो प्रमाणाचा. दूध भरमसाट येऊ लागले आणि विरजण अपुरे पडले, की ते नासायचेच.

असे प्रमाण बिघडलेल्या स्त्रियांकडे वैद्यांचे लक्ष पूर्वीच गेले होते. १९२१ साली पॅरिसमधील आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन करताना 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह' असा शब्दप्रयोग केला. नाव ठेवण्याची ही तऱ्हा रोग्याच्या मनाचा विचार करणारी खचितच नव्हती. पण त्या शब्दांत एक खूण होती: अँड्रोजेनचा अतिरेक आणि रक्तातली साखर यांचे काहीतरी नाते आहे. योगायोग असा की, टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले तेही १९२१ सालीच. मात्र या दोन धाग्यांची गाठ बसायला आणखी जवळजवळ साठ वर्षे जावी लागली.

मध्यंतरी १९३५ साली शिकागोचे स्टाइन आणि लेव्हेंथॉल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित, मूल नाही, काहींच्या अंगावर केस, आणि बीजकोश मोठे होऊन त्यांत पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या. त्यावरून पुढे 'पॉलिसिस्टिक ओव्हरी' हे नाव रूढ झाले. आज आपल्याकडे शाळकरी मुलींच्या तोंडीही 'पीसीओडी' किंवा 'पीसीओएस' हे शब्द असतात. हेही नाव अर्धवटच! त्या पिशव्या म्हणजे गाठी नव्हेत; पुरते न पिकता वाटेतच अडकून पडलेली स्त्रीबीजांची घरटी आहेत ती. २००३ साली रॉटरडॅममध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले की अनियमित बीजनिर्मिती, अँड्रोजेनचा अतिरेक आणि बीजकोशाचे तसे रूप, या तिहींपैकी कोणतीही दोन लक्षणे असली तरी हे निदान होऊ शकते. मात्र अशीच लक्षणे दाखवणारे दुसरे विकार आधी वगळले पाहिजेत. म्हणजे बीजकोशात एकही 'गाठ' न दिसता हा विकार असू शकतो! २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने तर हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदला, असेच सुचवले. एका अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या शंभरांतल्या सुमारे आठ ते तेरा स्त्रियांना हा विकार असतो. हे काही जगावेगळे दुखणे नव्हे; वर्गात साठ मुली असल्या तर त्यांतल्या पाच ते आठ जणींचे ते असायचे.

इन्सुलिनची आरडाओरड

साखरेचा आणि अँड्रोजेनचा धागा जुळला तो १९८० साली. अमेरिकेतील मेम्फिसच्या बर्घेन, गिव्हन्स आणि किटाबची या संशोधकांना आढळले की, अशा स्त्रियांच्या रक्तात अँड्रोजेन जितके जास्त तितके इन्सुलिनही जास्त.

हे कसे घडते ते पाहू. इन्सुलिन हे स्वादुपिंडातून निघणारे संप्रेरक. रक्तातली साखर आत घ्या, असे ते स्नायूंना आणि चरबीला सांगत असते. काही जणांच्या शरीराला हा निरोप नीट ऐकू येत नाही. मग स्वादुपिंड, बहिऱ्या माणसाशी बोलताना आपण आवाज चढवतो त्याप्रमाणे, अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते. साखर ताब्यात राहते, त्यामुळे तपासणीत मधुमेह दिसत नाही. पण ही आरडाओरड शरीरातल्या दुसऱ्या अवयवांना ऐकू जात असते. बीजकोश काही बहिरा झालेला नसतो. तो इन्सुलिनच्या चिथावणीने जास्त अँड्रोजेन तयार करतो. शिवाय टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारे एक प्रथिन यकृत तयार करीत असते, तेही इन्सुलिनच्या माऱ्याने कमी होते. आणि बांधलेले टेस्टोस्टेरॉन मोकाट सुटते.

येथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण वजनातली ही तूट स्नायूंत आणि अवयवांत जास्त होती. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळे, आत चरबी राखून असलेले असे हे बाळ. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर सडपातळ ठरलेली मुलगीही इन्सुलिनच्या बाबतीत बहिरी असू शकते. "ती कुठे जाड आहे? तिला कसला पीसीओडी?" असे म्हणण्यात अर्थ नाही.

पहिल्या आठवड्यांचे नाजूक दिवस

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. स्त्रीबीज फळल्यावर साधारण सहा ते दहा दिवसांत तो सूक्ष्म गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. त्यासाठी अस्तर तयार असावे लागते. पेरणीपूर्वी जमिनीला वाफसा यावा लागतो तसे. अँड्रोजेन आणि इन्सुलिन यांचा अतिरेक असेल तर या तयारीत विघ्न येते, गर्भ रुजण्यासाठी अस्तरातून जी द्रव्ये यायची ती कमी पडतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. पुढे वार तयार झाली म्हणजे ती आईच्या अँड्रोजेनचे इस्ट्रोजेन करून बाळाला बरेच संरक्षण देते. पण अगदी आरंभी ती स्वतःच घडत असते.

स्वीडनमधील गोथेनबर्ग आणि चीनमधील हार्बिन येथील संशोधकांनी पांढऱ्या उंदरांच्या गाभण माद्यांना मुद्दाम अँड्रोजेन आणि इन्सुलिन दोन्ही दिली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे पुष्कळ गर्भ आतच गेले. वारेच्या पेशींतल्या ऊर्जा निर्माण करणाऱ्या भट्ट्या बिघडलेल्या आढळल्या. मेटफॉर्मिन दिल्यावर गर्भाशयातले काही बिघाड सुधारले, सगळे नव्हेत. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे शास्त्रज्ञही विसरत नाहीत. आपणही विसरू नये.

स्त्रियांच्या बाबतीत एवढे निश्चित, की हा विकार असलेल्या स्त्रियांत गर्भ जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे अधिक असते. त्यात अँड्रोजेनचा वाटा किती, इन्सुलिनचा किती आणि वाढलेल्या वजनाचा किती, हे एकमेकांत इतके गुंतलेले आहे की वेगळे काढणे कठीण. पण दुसरी गोष्टही तितकीच निश्चित आहे, आणि ती घरोघर सांगितली गेली पाहिजे. कोणताही विकार नसलेल्या स्त्रियांतही, दिवस गेल्याचे कळल्यानंतर शंभरांतले दहा ते वीस गर्भ जातात. आणि पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या सुमारास गर्भ जातात ते त्यांच्याच गुणसूत्रांत मुळात दोष असल्यामुळे. त्याला आईचे हार्मोन जबाबदार नसते, जिना चढणे जबाबदार नसते आणि ग्रहणात विळी हातात धरणे तर नसतेच नसते.

एका रानफुलाची नात

आता त्या गोळीविषयी. युरोपात गलेगा नावाची एक जांभळट फुलांची वनस्पती आहे. तिच्यातल्या ग्वानिडीन जातीच्या द्रव्याने साखर उतरते असे ध्यानात आले, आणि त्याच कुळातले मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी प्रयोगशाळेत तयार केले. नंतर ते बरीच वर्षे अडगळीत पडून राहिले. १९४९ साली फिलिपाइन्समधील गार्सिया नावाच्या डॉक्टरांनी ते चक्क इन्फ्लुएंझावर वापरले! मधुमेहावर ते माणसांना देऊन १९५७ साली अहवाल प्रसिद्ध केला तो पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी. अमेरिकेने त्याला परवानगी दिली ती थेट १९९४ च्या अखेरीस. म्हणजे इन्फ्लुएंझावरची गोळी मधुमेहाची झाली. आणि १९९४ सालीच व्हेनेझुएलातील मेरिदा येथील डॉक्टरांनी ती पॉलिसिस्टिक ओव्हरीच्या स्त्रियांना देऊन पाहिली, तेव्हा काहींची पाळी नियमित आली, काहींना दिवस राहिले.

ही गोळी यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि शरीराचे इन्सुलिनकडचे कान उघडते. कान उघडले की ओरडणे थांबते. ओरडणे थांबले की बीजकोशही शांत होतो. एवढेच तिचे काम. ती घेणारी प्रत्येक बाई मधुमेही नव्हे. छत्री घेऊन निघालेला प्रत्येक माणूस भिजलेला नसतो, तसेच हे.

मग ही गोळी गर्भ टिकवते काय? २००२ साली व्हेनेझुएलातूनच आलेल्या एका अहवालाने मोठी आशा निर्माण केली. मेटफॉर्मिन घेणाऱ्या ६५ स्त्रियांत लवकर गर्भ जाण्याचे प्रमाण ८.८ टक्के, न घेणाऱ्या ३१ जणींत ४१.९ टक्के! पण ही पाहणी जुने कागद चाळून केलेली होती. कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. २००७ साली अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. तेथे दिवस राहिल्यावर गोळी थांबवीत असत. मूल होण्याचे प्रमाण नुसत्या मेटफॉर्मिनने ७ टक्के, तर क्लोमिफिन या बीज पिकवणाऱ्या औषधाने २२ टक्के निघाले. आणि सुरुवातीचे गर्भ जाणे मेटफॉर्मिनने कमी झाल्याचे दिसले नाही.

गरोदरपणात गोळी चालू ठेवली तर? नॉर्वे, स्वीडन आणि आइसलंडमध्ये ४८७ स्त्रियांना सहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत मेटफॉर्मिन किंवा तिच्यासारखीच दिसणारी पोकळ गोळी दिली गेली. २०१९ साली निकाल आला. तीन महिन्यांनंतर गर्भ जाणे किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणे हे मेटफॉर्मिनवाल्यांत ५ टक्के, दुसऱ्यांत १० टक्के. मात्र एवढ्या आकड्यांवर हा फरक निर्विवाद ठरला नाही. गरोदरपणातला मधुमेह दोन्हीकडे सारखाच, शंभरांत सुमारे पंचवीस जणींना. आणि पहिल्या काही आठवड्यांचा प्रश्न या प्रयोगाने सुटणारच नव्हता, कारण गोळी सुरू झाली तीच मुळी त्यानंतर. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणूनच जपून बोलतात: गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब किंवा उशिरा गर्भ जाणे ही गोळी टाळते असे सिद्ध झालेले नाही, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असलेल्या काही जणींत तिचा विचार करता येईल.

मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते. तिने बाळात व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण नॉर्वेतील प्रयोगांतल्या मुलांची पुढे पाहणी केली, तेव्हा चौथ्या वर्षी आणि त्यानंतरही, मेटफॉर्मिन घेतलेल्या आयांची मुले थोडी वजनदार भरली. म्हणून ती प्रसाद समजून वाटण्याची वस्तू नव्हे, आणि विष समजून फेकून देण्याचीही नव्हे.

घरी काय करावे

पहिली गोष्ट: डॉक्टरांचा सल्ला दिवस राहिल्यावर नव्हे, दिवस राहण्याआधी घ्यावा. ग्लुकोज पाजून साखर तपासून घ्यावी, फॉलिक ॲसिड सुरू करावे. मेटफॉर्मिन बरेच दिवस घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पुण्याच्या त्याच अभ्यासातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश मातांत ते मुळातच कमी होते. तेव्हा शाकाहारी घरातल्या मुलीने ही तपासणी विसरू नये.

दुसरी गोष्ट: काही औषधे मूल हवे असेल तर आधीच थांबवावी लागतात. अंगावरच्या केसांसाठी दिलेले स्पायरोनोलॅक्टोन हे त्यांतले एक. अँड्रोजेनला अडवणारे असल्याने पोटातल्या मुलग्याच्या वाढीला ते बाधक ठरू शकते. वजन आणि साखर उतरवणारे सेमाग्लुटाइड निदान दोन महिने अगोदर बंद करावे असे सांगतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जिला खरोखरीचा मधुमेह आहे तिने भीतीने कोणतेही औषध आपल्या मनाने सोडू नये. पहिल्या आठवड्यांत बाळाचे हृदय, मणका घडत असतात. तेव्हा वाढलेल्या साखरेचा धोका या गोळीपेक्षा कितीतरी मोठा असतो. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्त्रीची गोळी काही डॉक्टर दिवस राहताच थांबवतात, काही तीन महिने चालू ठेवतात. दोघांकडेही कारणे असतात. जावेच्या चिठ्ठीवरून आपली गोळी ठरवायची नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. गोळी घेतल्याने गर्भ गेला, याला आधार नाही. सोडल्याने गेला, हेही सिद्ध झालेले नाही. अँड्रोजेनच्या अतिरेकाने वाट थोडी बिकट केली असेल. पण तिचा गर्भ नेमका का गेला, हे गेलेल्या गर्भाची तपासणी झाल्यावाचून कोणीही सांगू शकत नाही, सासूबाईही नाहीत आणि शेजारीणही नाही. आणि कारण कोणतेही निघाले, तरी तो तिचा गुन्हा ठरत नाही. मी हे सारे तिला सांगितले. तिने ते नवऱ्याला सांगितले, आणि पुढच्या तपासणीला दोघे मिळून गेले. हे मला मेटफॉर्मिनपेक्षाही गुणकारी वाटते.

घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना एवढीच विनंती. सुनेच्या उशाशी एखादी गोळी दिसली, तिच्या कागदावर एखादा अवघड शब्द दिसला, तर त्याचा अर्थ आधी तिला विचारावा. तिला ठाऊक नसेल तर दोघींनी मिळून डॉक्टरांना विचारावा. नाव ठेवायची हौस असेल तर ती बारशाला खुशाल पुरी करावी. आणि यदाकदाचित बारशाचा योग आला नाही, तरी नावे ठेवू नयेत.